खरादाची मोटार हळू का उठते?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु लहान कारागिराच्या जमाखर्चात मोटारीची दुरुस्ती ही मोठी बाब असते, म्हणून हा प्रपंच.

पांढुर्णा व सौंसर हा मध्य प्रदेशातील मराठी मुलूख. २०२३ साली हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. नागपूरच्या या शेजारात सुताराच्या खरादावर लाटणी, खाटेचे खूर आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाके उतरतात. ऐन पोळ्याच्या तोंडावर मोटार घुरघुरत उठू लागली की सल्ला मिळतो, "वाइंडिंग गेले, नवे भरा." पुष्कळदा हा प्रकार रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा होतो.

सिंगल फेज वीज एकटी मोटारीला फिरवू शकत नाही. ती नुसती थरथरवते. म्हणून आत दुसरे, सुरुवातीचे वाइंडिंग असते. कंडेन्सर त्यातील प्रवाह थोडा पुढेमागे करतो व मोटारीला दिशा मिळते. सुमारे पाऊणपट वेग आला की आतला स्विच हे वाइंडिंग तोडतो. ते काही सेकंदांपुरतेच केलेले असते. मोटार रेंगाळली की ते तापते आणि खरोखरच जळते. म्हणून दुखणे अंगावर काढू नये.

तपासणी बिनखर्चाच्या बाजूने करावी. प्रथम वीज तोडून पट्टा काढावा आणि खरादाचा व मोटारीचा दांडा हाताने फिरवून पाहावा. जो जड लागेल त्याचे बेअरिंग कोरडे आहे किंवा त्यात भुसा गेला आहे. मग पट्ट्याशिवाय मोटार चालवावी. ती झटकन उठली तर दोष बहुधा पट्ट्याच्या अति ताणात किंवा खरादात आहे.

तरीही हळू उठली तर सुरू होताना मोटारीच्याच टोकांवर व्होल्टेज मोजावे. जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २३० चे १८० झाले की जोर सुमारे ६१ टक्केच उरतो. लांब व बारीक वायर असली की हे हमखास घडते.

व्होल्टेज ठीक असेल तर संशय कंडेन्सरवर. वीज तोडल्यावरही त्यात भार राहतो. तो बल्बमधून उतरवल्याशिवाय हात लावू नये. बदलताना त्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा घ्यावा. त्यानंतर आतल्या स्विचचे काळवंडलेले संपर्क पाहावेत. वाइंडिंगची पाळी सर्वांत शेवटी.

हिशेबात आधी बेरीज तपासतात, मग वही बदलतात. मोटारीलाही तोच नियम लावला तर कारागिराचा हंगाम आणि पैसा दोन्ही वाचतील.