अणुभट्टीत अपघात झाल्यावर पुढचे निर्णय कोण घेतं? थ्री माइल आयलंडच्या रहिवाशांची गोष्ट

सप्टेंबर २०२४ मध्ये एक बातमी आली होती. एआय आणि डेटा सेंटर्सना प्रचंड वीज लागते, म्हणून मायक्रोसॉफ्टने कॉन्स्टेलेशन या वीज कंपनीशी २० वर्षांचा करार केला. वीज येणार आहे ती अमेरिकेत २०१९ मध्ये बंद झालेली एक अणुभट्टी पुन्हा सुरू करून. प्रकल्पाला नवं नाव मिळालंय : क्रेन क्लीन एनर्जी सेंटर.

त्याचं जुनं नाव मात्र जगाला चांगलंच माहीत आहे. थ्री माइल आयलंड.

पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीतल्या या बेटावर १९७९ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक अणुवीज केंद्रांमधला आजवरचा सर्वांत गंभीर अपघात झाला. अपघात युनिट २ मध्ये झाला होता आणि आता सुरू करायचंय ते शेजारचं युनिट १.

त्या दिवशी काय घडलं, यावर भरपूर लिहिलं गेलंय. त्यानंतर जे घडलं त्याची चर्चा फारशी होत नाही. किरणोत्सारी वायू हवेत सोडायचा की नाही? दूषित पाण्याचं काय करायचं? शेजारची भट्टी पुन्हा चालू करायची का? हे निर्णय घेणारे कोण होते, आणि तिथे राहणाऱ्या लोकांना त्यात कितपत बोलता आलं? समजून घेऊया.

आधी थोडक्यात : त्या दिवशी काय झालं?

२८ मार्च १९७९, पहाटेचे ४. युनिट २ मधले पाणी पुरवणारे पंप बंद पडले. दाब वाढला, तो कमी करण्यासाठी एक व्हॉल्व्ह आपोआप उघडला. दाब उतरल्यावर तो बंद व्हायला हवा होता. तो उघडाच अडकला.

कंट्रोल रूममधल्या दिव्यावरून मात्र व्हॉल्व्ह बंद झालाय असं वाटत होतं. कारण तो दिवा फक्त 'बंद हो' हा सिग्नल गेला एवढंच दाखवत होता. व्हॉल्व्ह खरोखर बंद झालाय का, हे त्यावरून कळत नव्हतं. भट्टीत पाणी जास्त झालंय असा कर्मचाऱ्यांचा समज झाला आणि त्यांनी आपत्कालीन पाणीपुरवठा कमी केला. दोन तासांहून जास्त वेळ पाणी बाहेर जात राहिलं. भट्टीच्या गाभ्याचा जवळपास अर्धा भाग वितळला.

दोन दिवसांनी गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या परिसरातल्या गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना बाहेर जाण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात सुमारे १ लाख ४० हजार लोक घर सोडून गेले.

अपघातात तत्काळ कुणाचा मृत्यू झाला नाही. परिसरातल्या सुमारे २० लाख लोकांना मिळालेला सरासरी किरणोत्सर्ग छातीच्या एका एक्स-रेपेक्षा कमी होता, असा अणु नियामक आयोगाचा निष्कर्ष आहे. पण पहिल्या काही दिवसांत कंपनी, राज्य सरकार आणि आयोग यांच्याकडून वेगवेगळी माहिती येत होती. त्यामुळे नंतर आकडे सांगितले गेले, तेव्हा ते मानायला बरेच लोक तयार नव्हते.

चौकशीत काय निघालं?

राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १२ जणांचा चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते गणितज्ञ आणि डार्टमथ कॉलेजचे प्रमुख जॉन केमेनी. सदस्यांमध्ये अपघातस्थळाजवळच्या मिडलटाउन गावातली एक सामान्य रहिवासी महिलाही होती.

ऑक्टोबर १९७९ च्या अहवालात आयोगाने यंत्रांपेक्षा माणसांवर आणि संस्थांवर जास्त बोट ठेवलं. 'अणुकेंद्रं पुरेशी सुरक्षित आहेत' हा समज इतका पक्का झाला होता की, धोक्याच्या खुणांकडे कुणी लक्षच दिलं नाही. उदाहरणार्थ, १९७७ मध्ये ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात असाच व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. तिथे मोठं नुकसान टळलं. पण त्यातून मिळालेला धडा थ्री माइल आयलंडच्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नाही.

आयोगाने नियामक संस्थेवरही कडक टीका केली. आणि नेमक्या याच संस्थेकडे साफसफाईचे सगळे निर्णय होते. मग लोकांनी विश्वास ठेवायचा कुणावर?

पहिली कसोटी : किरणोत्सारी वायू हवेत सोडायचा का?

युनिट २ च्या बंद इमारतीत क्रिप्टॉन-८५ हा किरणोत्सारी वायू साठला होता, सुमारे ४३ हजार क्युरी. तो बाहेर काढल्याशिवाय माणसांना आत जाऊन काम करणं कठीण होतं. कंपनीचा प्रस्ताव होता की तो हळूहळू हवेत सोडावा. तज्ज्ञांच्या मते धोका अगदी कमी होता. पण एकदा घर सोडून पळालेल्या लोकांना हे पटवायचं कसं?

इथे दोन गोष्टी वेगळ्या झाल्या.

पहिली, गव्हर्नरांनी दुसरं मत मागवलं आणि तेही युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स या अणुउद्योगावर टीका करणाऱ्या संघटनेकडून. शरीराला थेट धोका होईल असं दिसत नाही, मात्र लोकांवर मानसिक ताण आहे, असं या संघटनेनं सांगितलं. टीकाकारांनीच हे सांगितल्यामुळे त्याला वजन आलं.

दुसरी गोष्ट, आसपासच्या गावांतल्या रहिवाशांना किरणोत्सर्ग मोजायचं प्रशिक्षण देण्यात आलं. मोजणीची यंत्रं त्यांच्या हातात आली आणि आपल्या गावातले आकडे ते स्वतः नोंदवू लागले. 'सगळं ठीक आहे' हे टीव्हीवर ऐकणं आणि ओळखीच्या शेजाऱ्याने मीटर बघून सांगणं, यात फरक पडतोच.

२८ जून ते ११ जुलै १९८० या काळात वायू सोडण्यात आला.

पण सुनावणी मागितली होती, तिचं काय?

काही रहिवाशांची मागणी साधी होती : आधी सुनावणी घ्या, मग वायू सोडा. आयोगाने ती मान्य केली नाही. प्रकरण कोर्टात गेलं. ते 'शोली खटला' म्हणून ओळखलं जातं.

नोव्हेंबर १९८० मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने रहिवाशांच्या बाजूने कौल दिला. परवान्यात बदल करायचा असेल आणि कुणी सुनावणी मागितली, तर ती आधीच घ्यायला हवी, असं कोर्ट म्हणालं. तोवर वायू हवेत मिसळून चार महिने झाले होते.

पुढे १९८३ च्या सुरुवातीला अमेरिकी संसदेने कायदाच बदलला. बदलामुळे धोका फारसा वाढत नाही असं आयोगाला वाटलं, तर सुनावणीआधीच बदल लागू करता येईल. मात्र त्याची जाहीर सूचना द्यायची, लोकांना मत मांडायची संधी द्यायची आणि राज्य सरकारशी सल्लामसलत करायची.

म्हणजे लोकांना कळवणं बंधनकारक झालं, पण त्यांचं ऐकून घेईपर्यंत थांबणं प्रत्येक वेळी बंधनकारक राहिलं नाही.

१३ वर्षं, ७८ बैठका

१९८० मध्ये आयोगाने साफसफाईसाठी १२ जणांचं सल्लागार मंडळ नेमलं. त्यात रहिवासी, शास्त्रज्ञ आणि स्थानिक व राज्य पातळीवरचे अधिकारी होते. १९८० ते १९९३ या काळात मंडळाच्या ७८ बैठका झाल्या. अपघातस्थळाच्या परिसरात जाहीर बैठका व्हायच्या. मंडळ वॉशिंग्टनला जाऊन थेट आयोगाच्या सदस्यांनाही नियमित भेटायचं.

बरीच वर्षं मंडळाचे अध्यक्ष होते लँकेस्टर शहराचे महापौर आर्थर मॉरिस. या शहराला पिण्याचं पाणी सस्क्वेहाना नदीतून मिळतं आणि शहराची पाणी उचलण्याची जागा बेटाच्या खालच्या बाजूला आहे. अपघातानंतर दूषित पाणी नदीत जाऊ नये म्हणून हे शहर कोर्टात गेलं होतं. म्हणजे ज्यांच्या नळाला ते पाणी येणार होतं, त्यांचाच प्रतिनिधी अध्यक्षाच्या खुर्चीत होता.

हे पाणी होतं सुमारे २३ लाख गॅलन, म्हणजे ८७ लाख लिटर. शुद्धीकरणानंतर ते नदीत सोडणं हा एक पर्याय होता. शेवटी ते नदीत न सोडता त्याची वाफ करायचं ठरलं. हे काम १९९३ मध्ये पूर्ण झालं. वाफ करण्यावरही सगळ्यांचं एकमत नव्हतं. पण नदीचा पर्याय बाजूला पडण्यात खालच्या गावांच्या दबावाचा वाटा मोठा होता.

मंडळाची मर्यादाही स्पष्ट होती : ते फक्त सल्ला देऊ शकत होतं. निर्णय आयोगाचा.

आतून आवाज उठला तेव्हा

बाहेरून देखरेख कितीही केली, तरी भिंतीआड काय चाललंय ते तिथे काम करणाऱ्यांनाच दिसतं. १९८३ मध्ये साफसफाईच्या कामावरच्या रिक पार्क्स या इंजिनिअरने जाहीर तक्रार केली. भट्टीचं अवजड झाकण उचलण्यासाठी जी क्रेन वापरायची होती, तिच्या चाचणीत सुरक्षेचे नियम डावलले जात आहेत, असं त्याचं म्हणणं होतं. आयोगाच्या चौकशीत कार्यपद्धती डावलल्याच्या तक्रारीत तथ्य आढळलं. झाकण अखेर जुलै १९८४ मध्ये उचललं गेलं.

त्याच वर्षी मेट्रोपॉलिटन एडिसन या केंद्र चालवणाऱ्या कंपनीने कोर्टात एक गुन्हा कबूल केला आणि इतर सहा आरोपांना आव्हान दिलं नाही. हे प्रकरण अपघाताआधी गळतीच्या नोंदींमध्ये केलेल्या फेरफाराचं होतं.

'आम्हाला भीती वाटते' हे कारण कोर्टात चालतं का?

सर्वांत मोठी लढाई झाली ती युनिट १ वरून. अपघाताच्या वेळी ते इंधन बदलण्यासाठी बंद होतं. आयोगाने ते बंदच ठेवायला सांगितलं आणि सुरू करण्याआधी सुनावण्या घेतल्या. मध्येच १९८१ मध्ये काही ऑपरेटर परवान्याच्या परीक्षेत कॉपी करताना सापडले आणि त्यावर पुन्हा सुनावणी घ्यावी लागली.

स्थानिक लोकांच्या एका संघटनेने वेगळा मुद्दा मांडला. भट्टी पुन्हा सुरू झाली तर लोकांच्या मनावर जो परिणाम होईल, तोही पर्यावरणविषयक अभ्यासात मोजा. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने नकार दिला. अपघाताच्या शक्यतेमुळे वाटणारी भीती ही त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

त्याआधी, मे १९८२ मध्ये परिसरातल्या तीन काउंटींमध्ये मतदान झालं होतं. भट्टी सुरू करण्याच्या विरोधात साधारण दोनास एक या प्रमाणात कौल आला. पण तो बंधनकारक नव्हता.

मे १९८५ मध्ये आयोगाने ४ विरुद्ध १ मतांनी परवानगी दिली. ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती नाकारली आणि लगेच भट्टी सुरू झाली. पुढे ती २०१९ पर्यंत चालली आणि बंद पडली ती आर्थिक कारणांमुळे.

मग एवढ्या धडपडीचा उपयोग काय झाला?

टीकाकार म्हणतात, लोकांना बोलू दिलं आणि शेवटी आयोगाने हवं तेच केलं. युनिट १ च्या बाबतीत हे बरंचसं खरं आहे. दुसरी बाजूही ऐकायला हवी. अणुसुरक्षा मतदानाने ठरवता येत नाही, आणि भीतीपोटी साफसफाई रखडली असती तर धोका उलट वाढला असता, असं या बाजूचं म्हणणं आहे.

पण यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. लोकांच्या हातात मीटर, कोर्ट किंवा वेळ होता, तिथे निर्णय बदलले किंवा निदान तपासले गेले. जिथे फक्त मत मांडायची सोय होती, तिथे मत नोंदवलं गेलं आणि काम पुढे सरकलं.

हे आपल्याला का माहीत हवं?

महाराष्ट्रात तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून आहे आणि जैतापूरचा प्रकल्प अनेक वर्षं चर्चेत आहे. भारतात सुरक्षेवर नजर ठेवण्याचं काम १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. हे मंडळ उत्तरदायी होतं अणुऊर्जा आयोगाला. त्या आयोगाचे अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचे सचिवही असतात आणि त्याच खात्याच्या अखत्यारीत अणुवीज बनवणारी सरकारी कंपनी आहे. मंडळाला पुरेसं स्वातंत्र्य नाही, यावर कॅगने २०१२ च्या अहवालात बोट ठेवलं होतं.

अमेरिकेने प्रसार आणि नियमन या दोन जबाबदाऱ्या १९७५ मध्येच वेगळ्या केल्या होत्या. तरीही चार वर्षांनी अपघात झाला. म्हणजे नियामक स्वतंत्र असणं गरजेचं आहे, पण तेवढं पुरेसं नाही. त्याच्याकडेही कुणाचं तरी लक्ष हवं.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही मोठ्या प्रकल्पाच्या बातमीत 'जनसुनावणी घेण्यात आली' असं वाचलंत, तर तीन प्रश्न नक्की विचारा. सुनावणी निर्णयाआधी झाली की नंतर? आकडे कुणी मोजले? आणि लोक 'नाही' म्हणाले असते, तर काही बदललं असतं का?