दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे गणित

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. मग एकदम नववा महिना आणि त्यानंतर दीड वर्ष. लहान मूल असलेल्या घरात लसीच्या या तारखा तोंडपाठ असतात. आरोग्यसेविका माता-बाल संरक्षण कार्डावर पुढची तारीख लिहून देते, आशाताई आठवण करायला दारात येतात. पण दीडच महिना का? गोवराची लस नऊ महिने का थांबते? या प्रत्येक तारखेमागे शास्त्र आहे. ते समजले, की ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणण्यातला धोकाही समजतो.

भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम 1985 मध्ये सुरू झाला, तेव्हा त्यात सहा रोगांवरच्या लसी होत्या. आज देशभर 11 रोगांवर आणि प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वरावरही सरकारी केंद्रांत मोफत लस मिळते.

पहिले 24 तास

वेळापत्रकातली सर्वांत घाईची लस आहे कावीळ ‘ब’ची. आईला या विषाणूची बाधा असेल तर प्रसूतीच्या वेळी तो बाळाकडे जाऊ शकतो. प्रौढ माणसाला ही बाधा झाली तर 100 पैकी 95 हून अधिक जणांचे शरीर विषाणूला हुसकावून लावते. नवजात बाळाला ते जमत नाही. बाधा झालेल्या दहापैकी नऊ बाळांच्या यकृतात तो कायमचा ठाण मांडतो आणि पुढे यकृत निकामी होण्याचे किंवा कर्करोगाचे कारण ठरू शकतो. म्हणून पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायचा असतो. त्याच वेळी बीसीजी आणि पोलिओचे थेंबही देतात. बीसीजीमुळे मोठेपणीचा फुप्फुसाचा क्षय हमखास टळतो असे नाही, पण तान्ह्या मुलांना होणाऱ्या क्षयाच्या जीवघेण्या मेंदूज्वरापासून ती चांगले संरक्षण देते. जंतूंशी गाठ पडण्याआधी ती मिळालेली बरी.

आईची शिदोरी

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. पहिले काही महिने बाळ या शिदोरीवर तग धरते. मात्र हीच प्रतिपिंडे काही लसींच्या आड येतात. ती भरपूर असताना लस दिली, तर बाळाचे शरीर स्वतःची प्रतिकारशक्ती नीट तयार करत नाही. फार थांबावे, तर शिदोरी संपून बाळ उघडे पडते. वेळापत्रक ठरवताना या दोन टोकांमधली जागा शोधावी लागते.

डांग्या खोकल्यात ही जागा अगदी लवकर शोधावी लागते, कारण हा आजार सर्वांत लहान बाळांचाच जीव घेतो. म्हणून पेंटाव्हॅलंट लस दीड महिन्याला सुरू होते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ‘ब’ आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांवर ही एकच लस आहे. अमेरिकेत व ब्रिटनमध्ये ही मालिका दोन महिन्यांनी सुरू होते; आपल्याकडे बाळाला जंतू लवकर गाठतात, म्हणून आपण दोन आठवडे आधी निघतो.

पहिल्या डोसाने शरीराला जंतूची ओळख होते, पुढच्या डोसांनी ती पक्की होते. स्मृती सांभाळणाऱ्या पेशी तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून दोन डोसांत किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवतात. रोटाव्हायरसची लसही दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या याच तीन भेटींत तोंडावाटे मिळते. न्यूमोकोकलची लस दीड व साडेतीन महिन्यांना आणि बूस्टर नवव्या महिन्यात देतात. पोलिओची टोचायची लस देताना भारताने 2016 पासून 0.5 मिलीऐवजी 0.1 मिली मात्रा थेट त्वचेत देण्याचा मार्ग घेतला. त्वचेत प्रतिकारयंत्रणेच्या पेशी भरपूर असल्याने कमी मात्रेतही काम होते आणि तुटवड्याच्या काळात तीच लस अधिक बाळांना पुरते.

गोवराने शिकवलेला धडा

आईच्या प्रतिपिंडांचा अडथळा गोवराच्या लसीत सर्वाधिक जाणवतो. लस वर्षानंतर दिली तर सुमारे 95 टक्के मुलांना संरक्षण मिळते, नवव्या महिन्यात दिली तर सुमारे 85 टक्के मुलांना. तरीही आपण नववा महिना निवडला, कारण आपल्याकडे गोवर वर्षाची वाट पाहत नाही. उरलेल्या मुलांसाठी 16 ते 24 महिन्यांदरम्यान दुसरा डोस असतो. त्याला जादा डोस समजून टाळू नये. पहिल्या डोसात निसटलेली मुले त्यानेच सुरक्षित होतात.

हे डोस चुकले तर काय होते, ते मुंबईने 2022 मध्ये पाहिले. कोविडच्या काळात नियमित लसीकरण मागे पडले होते. त्या वर्षाच्या अखेरीस गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत गोवर पसरला आणि दगावलेली बालके मुख्यतः लस न मिळालेली होती. प्रतिकारशक्ती नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण 12 ते 18 जणांना बाधित करू शकतो, म्हणून तो रोखायला 95 टक्के मुलांचे लसीकरण लागते. नऊ महिन्यांखालच्या बाळांनाही लागण होऊ लागल्यावर केंद्राने अशा भागांत सहाव्या महिन्यापासून एक जादा डोस देण्याची सूचना केली. तो हिशेबात धरायचा नव्हता. पुढचे दोन्ही डोस ठरल्या वेळीच घ्यायचे होते.

पहिल्या वाढदिवसानंतर

पहिला वाढदिवस झाला की लसीकरण संपले असे अनेकांना वाटते. पण घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या त्रिगुणी लसीचा एक बूस्टर दीड ते दोन वर्षांदरम्यान, दुसरा पाच ते सहा वर्षांदरम्यान आणि धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दहाव्या व सोळाव्या वर्षी घ्यायची असते. हे बूस्टर राहून जातात म्हणूनच घटसर्प आता पाच वर्षांवरच्या मुलांमध्ये जास्त दिसतो.

तारीख चुकली असेल तर संकोच न करता केंद्रावर जा. मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जिथे खंड पडला तिथून पुढे जाता येते. काही लसींना मात्र वयाची मर्यादा आहे. सरकारी कार्यक्रमात बीसीजी आणि रोटाव्हायरसचा पहिला डोस वर्षाच्या आतच मिळतो, तर गोवराची लस (गोवर-रुबेला) पाच वर्षांपर्यंत मिळते. साधी सर्दी किंवा किरकोळ ताप हे लस टाळण्याचे कारण नाही. लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा. त्या रात्री अंग तापले, मांडी सुजली तर घाबरू नका. शरीर लसीला प्रतिसाद देत असल्याचे ते लक्षण असते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. ताप उतरला नाही, तर आरोग्यसेविकेला किंवा डॉक्टरांना दाखवा.

भारतात नैसर्गिक (वन्य) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. या यशामागे घरोघरी, पुन्हा पुन्हा पाजलेले दोन थेंब होते. बाळाचे कार्ड आज काढून बघा, आणि एखादा रकाना कोरा असेल तर गावातल्या पुढच्या लसीकरण सत्रालाच तो भरून घ्या.