काच अडते, मोटर बदनाम होते

मृगाचा पाऊस एकदा बसला की कर्जत चारफाट्यापासून खोपोलीच्या शिळफाट्यापर्यंत गाड्यांच्या वायरमनांचा हंगाम सुरू होतो. तक्रार बहुधा एकच असते: काच खाली गेली ती वर येत नाही. कोरड्या गावात अशी काच घेऊन चार दिवस काढता येतात. इथे नाही काढता येत. वर माथेरानला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पायथ्याची गावंही त्यात फार मागे नसतात. उघड्या काचेची गाडी रात्रभर अंगणात राहिली, तर सकाळी सीट पिळून घ्यावी लागते आणि गालिच्याचा कुबट वास दिवाळीपर्यंत जात नाही.

या पट्ट्यातल्या गाड्याही तशाच. मुंबईत किंवा पुण्यात पहिलं आयुष्य काढून इथे आलेल्या बऱ्याच. काही फार्महाउसच्या आवारात पाच दिवस उभ्या आणि दोन दिवस पळणाऱ्या, काही रोज कर्जत स्टेशनापर्यंत जाऊन तिथे दिवसभर भिजणाऱ्या. पॉवर विंडो हे प्रकरण तसं जुनं आहे. अमेरिकेत पॅकार्डने 1940 साली बटणावर चालणारी काच आणली. आपल्याकडे 1991 साली टाटांच्या पुण्याच्या कारखान्यातून निघालेल्या सिएराला ती होती, तेव्हा लोक मुद्दाम काच वरखाली करून बघायचे. छोट्या गाड्यांत ती पसरली 2000 नंतर. म्हणजे त्या पिढीतल्या गाड्या आता पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या आहेत. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण आलं, त्याची चारचाकीची फी 1 एप्रिल 2022 पासून 5000 रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर. एवढं भरून गाडी ठेवायची ठरवलेल्या माणसाला वायरमन सांगतो, “साहेब, मोटर गेली. पूर्ण असेंब्लीच टाकावी लागंल.”

मोटर दर वेळी गेलेली नसते, हेच इथे सांगायचं आहे.

दरवाजाच्या आत काय असतं ते आधी पाहू. स्विच दाबला की बॅटरीची 12 व्होल्टची वीज एका लहान मोटरला जाते. त्याच दोन तारांतली वीज उलटी फिरवली की मोटर उलटी फिरते. वर आणि खाली एवढाच फरक. मोटरच्या तोंडाशी नायलॉनची चक्री असते, ती ‘मशीन’ फिरवते. गॅरेजमध्ये मशीन म्हणतात ते काच उचलणाऱ्या सांगाड्याला. जुन्या घडणीत ते कात्रीसारख्या लोखंडी पात्यांचं असतं, नव्यात तारेचं: रहाटावरून दोर फिरावा तशी बारीक पोलादी तार प्लॅस्टिकच्या पुलींवरून फिरते आणि काचेला धरलेली क्लिप वर ओढते. काच दोन्ही बाजूंना रबरी चॅनेलमधून सरकते. इतक्या साखळीत मोटर ही एक कडी आहे, आणि ती बऱ्यापैकी दणकट कडी आहे. उरलेल्या कड्या मात्र पाण्याला आणि धुळीला भारी घाबरतात.

आता पाण्याविषयी. पुष्कळांची समजूत असते की दरवाजात पाणी शिरता कामा नये. पण ते शिरतंच, आणि गाडी बनवणाऱ्याने ते धरूनच दरवाजा बनवलेला असतो. काचेवरून ओघळलेलं पाणी बाहेरच्या रबरपट्टीला चकवून आत उतरतं आणि दरवाजाच्या तळाशी असलेल्या लांबट भोकांतून खाली गळून जातं. हिशेब इतका सोपा आहे. तो बिघडतो दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण ती भोकं. कर्जत-कशेळेच्या रस्त्यांवरची लाल माती, झाडाखाली उभ्या गाडीत पडलेला पाचोळा, मुंग्यांनी आणलेली भुकटी, हे सगळं तळाशी बसून भोकं बुजतात. मग पाऊस थांबला तरी दरवाजात पाणी डुलत राहतं. वळणावर दरवाजातून डुबुक-डुबुक आवाज आला तर तेच समजायचं. तळाचा पत्रा गंजतो, मशीनची पाती गंजतात, मोटरच्या जोडणीवर हिरवट थर चढतो.

दुसरं ठिकाण जास्त चीड आणणारं आहे. डोअर पॅड काढला की मागे पत्र्यावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ कागद दिसतो. तो आतलं पाणी केबिनकडे येऊ देत नाही. पूर्वी कधीतरी स्पीकर बसवणाऱ्याने किंवा लॉक दुरुस्त करणाऱ्याने तो फाडून बोळा करून फेकून दिलेला असतो. पॅड परत लागतो, बाहेरून काही कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पाय ठेवायच्या जागेत तळं साचतं. दरवाजा उघडायचाच असेल तर हा कागद परत बसवून घ्या. हरवला असेल तर जाड प्लॅस्टिक कापून कडेने नीट चिकटवून मागा, आणि समोर उभं राहून बसवून घ्या. कारागीर चांगला असेल तर त्याला राग येत नाही.

दुखणं कुठे आहे ते कानाने बरंचसं ओळखता येतं. इंजिन बंद ठेवा, चावी ऑनवर, आतला दिवा लावा आणि स्विच दाबा. काहीच आवाज नाही आणि दिवाही हलला नाही, तर वीज मोटरपर्यंत पोचलेलीच नाही. फ्यूज, स्विच आणि तारा पाहायच्या. स्विच दाबताच दिवा किंचित मंद झाला पण काच हलली नाही, तर वीज पोचते आहे आणि मोटर जोर लावूनही अडली आहे. स्विच दाबून धरून दरवाजावर हाताने एक थाप मारली आणि काच हलली, तर मोटरमधले कार्बन झिजलेत. हा एक प्रकार खरोखर मोटरचा. मोटर घूं करून फिरते पण काच जागची हलत नाही, तेव्हा तार तुटलेली, नायलॉनची चक्री दात गमावून बसलेली किंवा काचेची क्लिप सुटलेली. कट-कट असा दाणे फुटल्यागत आवाज म्हणजे तार पिंजून पुलीत अडकते आहे. तेव्हा थांबा, आणखी दोनदा दाबलंत तर काच तिरकी होऊन दरवाजात पडेल.

काच खाली जाते पण वर येत नाही, आणि वर नेताना मोटरचा काही आवाजही नाही, अशा वेळी संशय स्विचवर घ्यावा. त्यातले संपर्कबिंदू जळून काळे पडतात. जुन्या अनेक गाड्यांत बाकीच्या तीन दरवाजांची वीजही ड्रायव्हरच्या दरवाजातल्या स्विचच्या पट्टीतून फिरून जाते. त्यामुळे मागची काच बंद पडली की मागचा दरवाजा खोलण्याआधी पुढची पट्टी तपासावी. ड्रायव्हरच्याच दरवाजाचं आणखी एक खास दुखणं आहे. दरवाजा आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बिजागरीपाशी रबरी नळी असते, तिच्यातून सगळ्या तारा जातात. तो दरवाजा दिवसातून सर्वांत जास्त उघडतो, तार तिथे वाकून-वाकून आतल्या आत तुटते आणि वरून शाबूत दिसते. दरवाजा अर्धा उघडल्यावर काच चालते आणि बंद केल्यावर नाही, असं झालं तर बाकी काही शोधू नका. फार्महाउसवर उभ्या गाडीत मात्र उंदरांचाही विचार करावा लागतो.

आणि काच चालते पण धापा टाकत, हा तर पावसाळ्यातला सर्वांत सामान्य प्रकार. चॅनेलच्या रबरात धूळ, शेवाळ आणि जुन्या काळ्या फिल्मचा गोंद बसलेला असतो. 27 एप्रिल 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर घाईने खरवडलेल्या फिल्मचा चिकटा काही गाड्यांत अजून आहे. ओल्या फडक्याने चॅनेल पुसून कोरडं करायचं आणि सिलिकॉन स्प्रे मारायचा. इंजिन ऑइल, ग्रीस किंवा डिझेल नको. त्याने आठवडाभर काच लोण्यासारखी चालते, मग रबर फुगतं, धूळ पकडतं आणि काच पूर्वीपेक्षा घट्ट बसते. घासत चालणाऱ्या काचेनेच मोटर तापते आणि अखेर जळते. तेव्हा तिला बदनाम करताना तिच्यावर काय लादलं होतं तेही बघावं.

बदलायचीच वेळ आली तर काय बदलायचं ते ठरवून घ्या. अधिकृत सर्व्हिस सेंटरला मोटर आणि मशीन मिळून एकच असेंब्ली विकणं सोयीचं असतं. बाहेर मात्र नुसती मोटर, नुसती मशीन, काही गाड्यांसाठी तार आणि पुलीचा संचसुद्धा मिळतो. आपल्याकडे मिळाला नाही तर पुण्याची नाना पेठ आहे, आणि मुंबईकडे कुर्ल्याचा सीएसटी रोड. खोपोली किंवा कर्जतची लोकल पकडून जुना भाग पिशवीत घालून कुर्ल्याला जाणं हा इथल्या माणसाचा सोपा मार्ग आहे. जुना भाग सोबत हवाच. ड्रायव्हर साइड आणि क्लीनर साइडचे भाग आरशातल्यासारखे उलटे असतात, जोडणीच्या पिनाही वर्षागणिक बदलतात. जुनी मोटर घेत असाल तर दुकानातच बॅटरीला लावून दोन्ही बाजूंना फिरवून घ्या. बिल मागा. बिल द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून घेतलेला भाग कुठल्या गाडीतून निघाला असेल ते सांगता येत नाही.

हँडल बसवून घेणं हा पर्याय लोक हसण्यावारी नेतात. मला तो शहाणपणाचा वाटतो. ज्या गाडीच्या स्वस्त प्रकाराला कारखान्यातूनच हँडल होतं, तिची हातमशीन बहुधा तशीच्या तशी बसते. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत चढणाऱ्या ओम्नी आणि ईकोंच्या काचा हातानेच फिरत आल्या आहेत, आणि त्या घाटापेक्षा कठीण परीक्षा दुसरी नाही. उलट हँडलवर चढवायचं स्वस्त लोकल पॉवर किट मी सुचवणार नाही. त्याची वायरिंग बहुतेक वेळा जिथे सापडेल तिथे जोडलेली असते.

हे काम घरी करणाऱ्यांना एक इशारा. कात्रीच्या मशीनला ताणलेली स्प्रिंग असते. काच वर टेपने पक्की बांधल्याशिवाय आणि पाती अडकवून ठेवल्याशिवाय मोटरचे बोल्ट काढले, तर पातं झटक्यात फिरतं आणि बोट सापडतं.

बोरघाटात भर पावसात काच खाली राहिली तर सुरक्षित जागी गाडी लावा. एकाने स्विच दाबायचा, दुसऱ्याने आतून-बाहेरून दोन्ही तळव्यांत काच धरून वर ओढायची. मोटर अडली की लगेच सोडा, दोन-चार मिनिटं गार होऊ द्या. अनेक मोटरींत तापल्यावर आपोआप तुटणारा संरक्षक भाग असतो, तो परत जुळतो. काच वर आली की रुंद चिकटपट्टीने चौकटीला बांधा आणि तो स्विच कोणी दाबणार नाही असं बघा.

फास्टॅग फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचा झाला आणि खालापूरच्या टोलनाक्यावर काच खाली करण्याची गरज जवळजवळ संपली. एसी लावून बसलेल्या गाडीत मागच्या काचा तर महिनोन्महिने हलत नाहीत आणि रबराला चिकटून बसतात. म्हणून आठवड्यातून एकदा चारही काचा पूर्ण खाली-वर कराव्यात, मुलांचे हात आणि मान बाहेर नाहीत ना ते पाहून. जुन्या गाड्यांच्या काचा अडथळा आला म्हणून आपोआप थांबत नाहीत. मूल गाडीत असताना मागच्या काचांचं लॉक दाबून ठेवा.

मागची काच बिघडली की काही जण सुचवतात, “उघडता कशाला, कायमची बंद करून टाकू.” ते मान्य करू नका. उल्हास किंवा पाताळगंगेचं पाणी रस्त्यावर आलं आणि गाडी त्यात सापडली, तर पाण्याच्या दाबाने दरवाजा उघडत नाही, आणि पाणी काचेच्या खाली असेपर्यंतची थोडी मिनिटं बाहेर पडायची वाट खिडकीचीच असते. त्यासाठी चारही खिडक्या चालत्या हव्यात. वैशाख संपायच्या आत दरवाजाखालची भोकं काडीने मोकळी करून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.