जाहिरातीआधी भरलेली जागा

पुणे-हैदराबाद लोहमार्गावर सोलापूर जवळपास मध्यावर. एका टोकाला २००६ची आयसर, दुसऱ्या टोकाला सीसीएमबी. तरी रेणवीय जीवशास्त्रात पीएच.डी. झालेली आमची मुले ‘पोस्टडॉक’ची जागा वर्तमानपत्रात शोधतात. मला नवल वाटत नाही. प्राध्यापकीची जाहिरात तिथेच येते.

पोस्टडॉकचा मामला निराळा. ही नोकरी संस्थेची कमी, एका प्रयोगशाळाप्रमुखाची अधिक. पैसा त्यांच्या प्रकल्पाचा, दोन-तीन वर्षांपुरता. अनुदान मंजूर झाले की ते आधी ओळखीपाळखीत विचारतात. जाहिरात निघेपर्यंत कित्येकदा माणूस मनात ठरलेला असतो. युरोपातल्या ‘एम्बो’सारखी पाठ्यवृत्ती उमेदवार स्वतः मिळवतो, पण तिथेही यजमान प्रयोगशाळेचा होकार आधी लागतो.

म्हणून मी मुलांना शोधनिबंधावरचा पत्रव्यवहाराचा पत्ता वाचायला सांगतो. त्या निबंधातला कोणता प्रश्न पुढे न्यायचा आहे, कोणते तंत्र हातात बसले आहे, शिफारस कोण देईल, एवढे एका पानात लिहा. शंभर जणांना धाडलेले ‘आदरणीय महोदय’ लगेच ओळखू येते.

जाहिरात देणाऱ्यांनी ‘वेतन नियमानुसार’ लिहून मोकळे होऊ नये. तेवढ्या पैशांत हैदराबादेत खोली परवडेल का, हे अक्कलकोटच्या मुलीला अर्जाआधीच कळायला हवे.