खासगी रानासाठी चेनसॉची निवड

कोकणातील खासगी रानात वाळलेला ऐन किंवा मोडून पडलेला फणस कापण्यासाठी चेनसॉ घेताना इंजिनाच्या ताकदीआधी पात्याची लांबी पाहावी, कारण ज्या लांबट पट्टीभोवती दातेरी साखळी फिरते ते पाते नेहमीच्या ओंडक्याच्या जाडीपेक्षा थोडे लांब असले की एका बाजूने सरळ काप घेता येतो. घरगुती जळणासाठी १४ ते १६ इंची पाते आणि ३५ ते ४५ सीसीचे इंजिन बहुधा पुरते. त्याहून मोठे यंत्र नवख्या हातांना लवकर थकवते, आणि थकलेल्या हातातली करवत धोकादायकच.

पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, की यंत्र क्षणार्धात उसळून चालवणाऱ्याकडे येते. अशा वेळी साखळी तत्काळ थांबवणारा चेन ब्रेक नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल (अनेक यंत्रांत लिटरला २० मिली) आणि साखळीला वंगण देणारे तेल ही दोन वेगळी असतात. जमीन स्वतःची असली तरी साग, आंबा, फणस, ऐन अशा अनुसूचित झाडांच्या तोडीस १९६४ च्या राज्य कायद्यानुसार आधी परवानगी लागते.