घोरणाऱ्याचा जबडा

सोलापुरी कडक भाकरी खाताना एकदा कानशिलावर बोटं ठेवून पाहा. घास चावला की तिथला स्नायू हलतो आणि दात आवळले की जबड्याच्या कोपऱ्यावरचा मॅसेटर हा स्नायू टणक होतो. जेवण झालं की या स्नायूंनी विसावा घ्यायचा. काहींचे मात्र रात्रभर राबतात. सकाळी कानशिलं ठणकतात, जबडा आखडलेला असतो, आ वासला की कानापाशी कट्‌कन वाजतं.

झोपेत करकर दात खाणारं पोर दिसलं की आपल्याकडे आजी जंतांचं औषध काढते. मोठ्या माणसाचं सगळं टेन्शनवर ढकललं जातं. टेन्शनचा वाटा असतोच, पण हा माणूस घोरतो का, हे क्वचितच कोणी विचारतं.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरते आणि श्वासाची वाट बुजते. छाती-पोट हलत राहतं, हवा मात्र आत जात नाही. असा अडथळा 10 सेकंद किंवा अधिक टिकला की तो स्लीप ॲप्नियाचा एक झटका धरतात. श्वास पुरता थांबण्याचे किंवा अर्धवट अडण्याचे असे झटके तासाला 30 च्या वर गेले, तर आजार गंभीर. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, नाडी उसळते, मोठा भुसकारा येतो आणि पुष्कळदा त्याच सुमारास जबड्याचे स्नायू आकसतात. बुजलेली वाट उघडण्यासाठीच शरीर ही धडपड करतं, असं काही संशोधकांना वाटतं. ते पुरतं सिद्ध झालेलं नाही. दात न खाणारे ॲप्नियाचे रुग्ण भरपूर आहेत आणि शांत श्वास घेत दात खाणारेही. तरीही अमेरिकेतल्या ऑपेरा नावाच्या अभ्यासाचा 2013 मधला निष्कर्ष दुर्लक्ष करण्यासारखा नाही: ज्यांच्यात ॲप्नियाची लक्षणं ठळक होती, त्यांना जबड्याच्या सांध्याचं दुखणं नव्याने जडण्याचा धोका सुमारे 73 टक्के जास्त आढळला.

हा आजार परक्यांचा नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी केली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 7.5 टक्क्यांना दिवसाच्या पेंगेसह ॲप्निया निघाला. सोलापुरात तो ओळखण्यात एक अडचण आहे. रात्रपाळी करून आलेला यंत्रमाग कामगार दिवसा झोपतो, तेव्हा घरचे कामावर किंवा शाळेत असतात. त्याचा श्वास अडलेला पाहणार कोण?

उलट बाजूने, जबड्यातला दोषही श्वास अडवतो. लहानपणी हनुवटीवर पडून सांध्याला इजा झाली आणि उपचार राहून गेले, तर सांधा जखडतो. तोंड उघडत नाही, खालचा जबडा वाढत नाही, जीभ मागे दाटते आणि कोवळं पोर म्हाताऱ्यासारखं घोरू लागतं. अशा मुलाला जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे लवकर नेलं पाहिजे.

मोठ्यांसाठी ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 मध्ये मांडलेलं सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, आजही मुख्य उपचार आहे. सौम्य ते मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण दातांवर बसवतात. सुरुवातीला त्यानेही सकाळी जबडा दुखतो आणि वर्षानुवर्षं वापरल्यावर दातांची ठेवण थोडी बदलू शकते, म्हणून तपासणी चुकवायची नाही. मावा-गुटख्याने तोंड आखडलेल्या माणसाला तर हे उपकरण बसवणंच कठीण होतं.

खरी काळजी नाइटगार्डची आहे. दात झिजू नयेत म्हणून वरच्या दातांवर चढवायची ही पट्टी साधी दिसते. पण 2004 च्या एका प्राथमिक अभ्यासात, ॲप्नियाच्या अवघ्या 10 रुग्णांपैकी काहींचा श्वास तिने अधिक अडला. अभ्यास छोटा असला तरी इशारा ध्यानात ठेवावा असा आहे. घोरण्याची चौकशी केल्याशिवाय घोरणाऱ्याला नाइटगार्ड देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा घोरणं, रात्री दचकून उठणं, दिवसाची पेंग आणि रक्तदाब हे सगळं न विचारताही सांगा. घरच्यांनी झोपेतला श्वास मोबाइलवर दोन मिनिटं चित्रित करावा आणि ते चित्रण सिव्हिल रुग्णालयाच्या किंवा तुमच्या नेहमीच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. झोपेची तपासणी करायची की नाही, हे ते ठरवतील.