सीता मिळेना म्हणून सैरंध्री

बाबूराव पेंटरांना पहिला चित्रपट करायचा होता तो ‘सीता स्वयंवर’. कॅमेरा हाताशी होता, तोही स्वतः घडवलेला. भांडवलाची सोय गायिका तानीबाई कागलकरांनी केली होती. पडदे रंगवायला आणि सुतारकामाला कोल्हापुरात माणसांची वाण नव्हती. घोडं अडलं ते सीतेपाशी. कॅमेऱ्यासमोर उभी राहायला एकही बाई तयार होईना. त्यात स्वयंवर म्हटलं की एका सीतेवर भागत नाही. बहिणी, राण्या, सख्या, दासी असा सगळा गोतावळा लागतो. मग दोनच बायकांत कुठली गोष्ट बसते, असा हिशेब सुरू झाला. बसली ती विराटाच्या घरची. ‘सैरंध्री’चा जन्म असा झाला.

त्या काळी यावर सोपा उपाय होता, पुरुषाला लुगडं नेसवायचं. दादासाहेब फाळक्यांनी तेच केलं होतं. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये साळुंके तारामती झाले आणि 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये तर तेच राम आणि तेच सीता. पब्लिकनं दोन्ही गोड मानून घेतलं. बाबूरावांनी मात्र ही वाट धरली नाही. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. लुगड्यातले पुरुष त्यांनी कुणाहीपेक्षा जवळून पाहिले होते. रंगमंचावर जे खपतं ते भिंग खपवून घेणार नाही, हे चित्रकाराच्या नजरेला आधी कळलं असावं, असं मला वाटतं.

शेवटी गुलाबबाई आणि अनसूयाबाई तयार झाल्या. पडद्यासाठी त्यांची नावं बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी केली. पण नाव बदललं म्हणून बोलणी थांबत नाहीत. सिनेमात काम केलं म्हणून त्यांच्याच लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. दोघींचा मुक्काम बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या आवारातच हलला. पुढं सगळ्या कंपनीचा स्वयंपाकही त्याच करू लागल्या. दामले, फत्तेलाल ही पुढं ‘प्रभात’ उभी करणारी माणसं तेव्हा याच कंपनीत राबत होती. म्हणजे मराठी सिनेमाची एक अख्खी पिढी पडद्यावरच्या राण्यांच्या हातचं जेवून मोठी झाली.

भीमासाठी शोधाशोध करावी लागली नाही. शाहू महाराजांनी 1912 साली खासबागेत कुस्त्यांचं मैदान बांधून दिलेलं हे गाव. इथल्या माणसाला भीम मिशीत नाही, दंडात दिसावा लागतो. बाळासाहेब यादव भीम झाले, झुंजारराव पवार कीचक. 7 फेब्रुवारी 1920 ला चित्रपट पुण्यात लागला. लोकमान्य टिळकांनी तो पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. पण सगळी चर्चा झाली ती शेवटाची. कीचकवध इतका खरा उतरला होता की थिएटरात घबराट उडाल्याचं सांगतात. पुढं त्या दृश्याला कात्री लागली. कीचक मेला पाहिजे, हे प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक होतं. तो असा डोळ्यांदेखत मरेल, याची तयारी कुणाची नव्हती. सरकारला तर कीचकाचं वावडं जुनंच. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर 1910 मध्येच बंदी आली होती, कारण त्या कीचकात लोकांना कर्झन दिसला होता.

देवादिकांच्या अद्भुत गोष्टींबद्दल कोल्हापुरात जे वाद झाले ते तेव्हापासून दोनच जागी झाले, चेहऱ्यावर आणि शेवटावर. मधला भाग कसाही असला तरी लोक चालवून घेतात.

चेहऱ्यांच्या बाबतीत कंपनीची हिंमत वाढत गेली. ‘सैरंध्री’मागोमाग 1921 मध्ये ‘सुरेखाहरण’ आला, आणि ‘वत्सलाहरण’ही. आजच्या हिशेबानं ती महाभारताची मालिकाच होती, फक्त पुढच्या भागासाठी बरंच थांबावं लागायचं. कंपनीत पडेल ते काम करणारा शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा ‘सुरेखाहरण’मध्ये कृष्ण झाला. दोन वर्षांनी ‘सिंहगड’मध्ये त्यालाच शेलारमामा केलं. विशी नुकतीच ओलांडलेल्या पोराला पांढऱ्या मिशा लावून ऐंशीचा म्हातारा! शिवाजी महाराज कोण, तर खुद्द बाबूराव. आज असं कुणी केलं तर दुसऱ्या दिवशी निवेदनं जातील. तेव्हा चित्रपट असा चालला की थिएटरांवरची गर्दी बघून सरकारला करमणूक कराची आठवण झाली.

आता येतो माझ्या आवडीच्या किश्शाकडे. 1932 चा ‘माया मच्छिंद्र’. ‘प्रभात’ अजून पुण्याला गेली नव्हती, कोल्हापुरातच होती. त्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट तिनं इथूनच दिला होता आणि त्यात तारामती झाल्या होत्या दुर्गा खोटे. लाड सॉलिसिटरांची लेक, खोट्यांची सून, मुंबईच्या कॉलेजात शिकलेली. असल्या घरची बाई सिनेमात येते हीच मोठी बातमी होती. त्यांचा आधीचा ‘फरेबी जाल’ हा चित्रपट बदनामीच पदरात टाकून गेला होता. त्यातलं त्यांचं काम जेमतेम दहा मिनिटांचं. उरलेल्या चित्रपटात काय आहे याचा त्यांना पत्ताही नव्हता. ‘अयोध्येचा राजा’नं तो डाग धुऊन काढला. आणि लोकांनी तारामती म्हणून हात जोडले न जोडले तोच ‘प्रभात’नं त्यांना स्त्रीराज्याची राणी करून उभं केलं. पुरुषाचं वारं न सोसणारी, हाताशी चित्ता बाळगणारी राणी.

चित्ता खरा होता. बाहेरगावच्या प्रेक्षकांनी त्याला बघून तोंडात बोटं घातली असतील, पण कोल्हापूरकरांना त्याचं अप्रूप बेतानंच असणार. दरबारी शिकारखान्यात चित्ते पाळलेले असत, काळविटांमागं सोडले जात, आणि त्यांना सांभाळणाऱ्या चित्तेवानांची घरं याच गावात होती. त्यामुळं गावाला नवल असलंच, तर ते चित्त्याशेजारी न डगमगता उभ्या असलेल्या बाईचं असणार.

मच्छिंद्रनाथ झाले होते गोविंदराव टेंबे. हा चेहरा मात्र वादाचा. पेटीवादक म्हणून ख्याती, ‘मानापमान’च्या चालींचे धनी, गंधर्व नाटक मंडळीच्या तीन मालकांपैकी एक. वय पन्नाशीला आलेलं, अंगकाठी जोग्याची नव्हे तर मैफलीतल्या माणसाची. सिद्ध पुरुष म्हणजे हाडं दिसणारा, डोळ्यांत जाळ असलेला, अशी समजूत असलेल्यांना हा नाथ पचायला जड गेला असेल. पण बोलपटाचा आरंभकाळ होता. गाणं आधी ध्वनिमुद्रित करून मग ओठ हलवायची सोय नव्हती. नट गाणार कॅमेऱ्यासमोर, साथीदार बसणार चौकटीबाहेर, आणि मधे कुणी खोकलं तर सगळं पहिल्यापासून. शिवाय प्रत्येक प्रसंग दोनदा करायचा, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. असल्या कामाला हाडकुळा जोगी घेऊन काय करणार? गळा लागतो. गोरखनाथ झाले मास्टर विनायक, कोल्हापूरचेच, ऐन पंचविशीतले. गुरू-शिष्यांतलं वयाचं हे अंतर मला तरी फार नेमकं वाटतं.

मग शेवट. हा भाग जरा सविस्तर सांगावा लागेल, कारण भांडण इथं आहे.

मालू कवीची ‘नवनाथ भक्तिसार’ ही पोथी 1819 ची. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या कितीतरी घरांत श्रावणात आजही तिचं पारायण बसतं. पोथीतला मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जातो तो मारुतीच्या शब्दाखातर. राणी मैनाकिनीला मारुती हवा असतो. तो ब्रह्मचारी, म्हणून आपल्या जागी नाथाला पाठवतो. (देवांनी आपली अडचण दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याची आपल्या पोथ्यांत वाण नाही.) नाथ तिथं रमतो, खराखुरा रमतो. मूल होतं, मीननाथ. शेवटी गोरख नाचगाणं करणाऱ्यांच्या ताफ्यात शिरून दरबारात पोचतो आणि मृदंगातून गुरूला हाक देतो. गुरू भानावर येतो, निघतो, तरी झोळीत सोन्याची वीट घेऊनच. ती वीटही शिष्यालाच फेकून द्यावी लागते. इतका अडकलेला, इतका माणसासारखा गुरू दुसऱ्या कुठल्या पोथीत असेल, असं मला वाटत नाही.

‘प्रभात’च्या चित्रपटात हे सगळं शेवटी माया ठरतं. राणी, राज्य, संसार, सगळा गुरूनंच शिष्याला धडा देण्यासाठी मांडलेला देखावा. गुरू कधी घसरलाच नव्हता.

नाव ‘माया मच्छिंद्र’ असल्यावर हा शेवट नावातच सांगितलेला आहे, असं कुणी म्हणेल. त्यात चलाखी आहे हेही कबूल. गोरखासारखेच आपणही दोन तास फसलेलो असतो आणि सिनेमा म्हणजे मायाच, हे सिनेमानंच सांगितल्यासारखं होतं. तरीही मी पोथीच्या बाजूचा. गुरूची अब्रू वाचवण्याच्या नादात शिष्याचा पराक्रम गेला. जो मुळात झोपलेलाच नव्हता, त्याला उठवण्यात काय मोठेपण? आणि त्या राणीचं काय? दुर्गाबाईंनी चित्त्याशेजारी जे उभं केलं, ते शेवटच्या रिळात धूर होऊन जातं. शंभरावर वर्षं जुन्या पोथीला जे दाखवायला भीती वाटली नाही, ते नव्या काळाच्या बोलपटानं झाकून घेतलं.

चेहऱ्याच्या बाबतीत कोल्हापूरकर मंडळींचा अंदाज एकदाच सपशेल चुकला, आणि तोही बाबूराव पेंटरांचा. 1937 मध्ये त्यांनी ‘साध्वी मीराबाई’ दिग्दर्शित केला आणि मीरा झाले बालगंधर्व. दोन वर्षं आधी ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व एकनाथ झाले, तेव्हा चाहते हळहळले होते, त्यांना गंधर्व लुगड्यात पाहायचे होते. मग घ्या म्हणून मीरा दिली. वय 49. ज्या माणसानं 1920 मध्ये बाईचं काम बाईलाच, असा हट्ट धरून दोन बायकांना कंपनीच्या आवारात आसरा दिला, त्याच माणसाला सतरा वर्षांनी कॅमेऱ्यामागं उभं राहून हे चित्रित करावं लागलं. आवाज तोच होता, पण भिंगानं चेहरा सोडला नाही. चित्रपट पडला. चाहत्यांनी मागितलेला चेहरा दिला तरी चाहते येतातच असं नाही, हे तेव्हाच सिद्ध झालंय. वाहिन्यांच्या कार्यालयात ते कुणी भिंतीवर लिहून ठेवलेलं दिसत नाही.

मधली वर्षं ओलांडून थेट 2020 कडे येतो. मोरेवाडीच्या माळावर, कोल्हापूर चित्रनगरीत, महेश कोठारे यांच्या कोठारे व्हिजननं ‘दख्खनचा राजा जोतिबा’ ही मालिका उभी केली. विशाल निकम जोतिबा झाला. 23 ऑक्टोबरला ती स्टार प्रवाहवर सुरू झाली. ही तारीख नीट बघा. चैत्र यात्रा त्या वर्षी झालीच नव्हती. करोनामुळं देवळं मार्चपासून बंद होती, ती उघडली 16 नोव्हेंबरला, पाडव्याला. म्हणजे वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर देव कुलुपात आणि खाली घराघरांत रोज संध्याकाळी दर्शन देणारा जोतिबा टीव्हीवरचा. अशा वेळी लोक देवाकडं नट म्हणून कसे बघणार? पोशाख असा का, कथा तशी का, यावर घरोघर खल झाला. डोंगरावरच्या ग्रामस्थांनी आणि पुजाऱ्यांनी हरकत घेतली, ती मुख्यतः कथेवर. ‘केदारविजय’ ग्रंथात आहे तसंच दाखवा, ही मागणी. चेहऱ्याला लोक पंधरा दिवसांत सरावले. त्याच विशाल निकमला पुढच्याच वर्षी ‘बिग बॉस मराठी’ जिंकताना घराघरांत ‘आपला जोतिबा’ म्हणून पाहिलं गेलं.

कथेचं भांडण मिटायला अवघड, कारण त्यात दोन्ही बाजूंना खरं बोलता येतं. रत्नासुराचा वध होणार हे पहिल्या भागाआधीच सगळ्यांना माहीत. आठवड्याला सहा भाग भरायचे म्हणजे ग्रंथातल्या दोन ओव्यांचे पंधरा भाग करावे लागतात, आणि ती मोकळी जागा लेखक आपल्या पदरचं घालूनच भरणार. शिवाय मालिकेचा शेवट लेखकाच्या मेजावर ठरत नाही. दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे, वाहिनीचं पुढचं वेळापत्रक, ती वेळ कुणाला द्यायची आहे, यावर असुराचं आयुष्य अवलंबून असतं. राक्षस महिनाभर जादा जगतो तो वरामुळं नव्हे, हे सेटवरचा स्पॉटबॉयही सांगेल.

पण ‘ग्रंथाप्रमाणे दाखवा’ म्हणणाऱ्यांना आणि करणाऱ्यांनाही एक विनंती आहे. ग्रंथ आधी पूर्ण वाचा. त्यातले देव रागावतात, चुकतात, मोहात पडतात, शाप देऊन पस्तावतात. 2021 मध्ये सोनी मराठीवर ‘गाथा नवनाथांची’ आली, ती शेकडो भाग चालली. चित्रनगरीतही पुन्हा कधीतरी नाथांचा सेट लागेल. तेव्हा मच्छिंद्र कुणालाही करा. तरुण घ्या, थोराड घ्या, मुंबईचा घ्या नाहीतर कळंब्याचा. लोक आठ दिवस कुरकुरतील आणि नवव्या दिवशी नमस्कार करतील. मैनाकिनीला मात्र स्वप्न ठरवू नका, आणि झोळीतली सोन्याची वीट गाळू नका.